आयुष्य कशासाठीं?



आयुष्य कशासाठीं, हा प्रश्न मनुष्य साधारणपणें दोनदां विचारतो. एकदां विशीच्या आंतबाहेर असतां, आणि पुन्हां एकदां पेन्शन घेतल्यावर. मधल्या तीस वर्षांत तो प्रश्न नसतो असें नाहीं. पण त्याला तोंड द्यावयास सवड नसते. नोकरी, घरभाडें, मुलांचीं आजारपणें आणि परीक्षा, मुलींचीं लग्नें, यांच्या रगाड्यांत दिवस उजाडतो आणि मावळतो. मग एके दिवशीं कचेरींतील मंडळी हार घालून निरोप देतात, मनुष्य घरीं येऊन आरामखुर्चींत बसतो, आणि तीस वर्षांपूर्वीं बाजूला सारलेला प्रश्न पुन्हां समोर येऊन उभा राहतो.

ख्रिस्ती श्रद्धा या प्रश्नाला काय उत्तर देते, याविषयीं आज बोलावयाचें आहे. मी स्वतः ख्रिस्ती आहें. ऐकणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण नसतील. म्हणून आरंभींच सांगतों कीं, कोणाला त्याच्या धर्मापासून ओढून काढावें, या बुद्धीनें मी बोलत नाहीं. मला स्वतःला जी अडचण पडली होती ती आपणांस सांगावी, आणि ती कशी सुटली तेंही सांगावें, एवढाच माझा हेतु आहे.

माझी अडचण अशी होती. प्रत्येकाच्या आयुष्यासाठीं देवानें कांहीं तरी योजिलेलें असतें, असें मीं लहानपणापासून ऐकत आलों होतों. त्याचा अर्थ मीं असा केला कीं, श्रद्धा दृढ असली म्हणजे देव आपल्या हातांत जणूं एक नकाशा ठेवतो. मग कोणत्या वाटेनें जावयाचें हा प्रश्न उरत नाहीं. मीं प्रार्थना केली, वाट पाहिली. नकाशा कांहीं मिळाला नाहीं. तेव्हां खोट माझ्या श्रद्धेंत आहे कीं त्या शिकवणींतच आहे, असा संशय येऊं लागला. मन अशा गुंत्यांत असतां पंडिता रमाबाईंनीं स्वतःच्या आयुष्याविषयीं दिलेली साक्ष माझ्या वाचनांत आली. ती वाचून संपवली, आणि ध्यानांत आलें कीं, असा नकाशा त्यांनाही कधीं मिळाला नव्हता. मिळालें होतें तें निराळेंच कांहीं. तें काय, हें सांगण्यासाठीं त्यांच्या चरित्रांतील थोड्या गोष्टींची मला उजळणी करावी लागेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न ब्राह्मण. आपल्या पत्नीला संस्कृत शिकविण्याचा हट्ट त्यांनीं धरला, आणि त्यापायीं लोकांचा रोष पत्करला. पुढें त्या माउलीनेंच आपल्या लेकीला संस्कृत शिकविलें. तीर्थयात्रा करावी, पुराण सांगावें, श्रोते देतील त्यावर निर्वाह करावा, असा या कुटुंबाचा क्रम होता.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेंत अन्नाची टंचाई पडली, आणि तिच्यांत हें कुटुंब सांपडलें. जवळचे पैसे संपले, भांडीं गेलीं, शेवटीं तांदुळाचा शेवटचा दाणाही संपला. भीक मागण्याची लाज, आणि अंगमेहनतीनें पोट भरण्याची कला घरांत एकालाही ठाऊक नाहीं. ११ दिवस आणि ११ रात्री त्यांनीं पाणी, झाडाचीं पानें आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. कांहीं महिन्यांच्या अंतरानें वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. आईला उचलावयास भाऊ श्रीनिवास आणि दया येऊन आलेले दोन ब्राह्मण, असे तिघेच होते. चौथा खांदा रमेनें दिला. पण तिची उंची कमी, म्हणून तिला तो भार डोक्यावर घ्यावा लागला. तेव्हां ती सोळा वर्षांची होती.

हा पहिला दुष्काळ आपण ध्यानांत ठेवावा. यापुढें मी जें सांगणार आहें, त्याचें मूळ तेथें आहे.

त्यानंतर ही बहीणभावंडें हजारों मैल पायीं हिंडलीं, आणि १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. लौकिक दृष्टीनें पाहिलें तर येथें त्यांचें भाग्य उजाडलें. परंतु १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या, आपल्या जातीच्या नसलेल्या, बंगाली वकिलाशीं विवाह केला. १८८१ सालीं मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पति पटकीनें गेले. तेविसाव्या वर्षीं, कडेवर तान्ही मुलगी घेऊन, रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापिला. हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना, हिंदी स्त्रियांना स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीडॉक्टर मिळाल्या पाहिजेत असें त्यांनीं आग्रहानें सांगितलें. नंतर स्वतःच वैद्यक शिकावें, असें मनांत धरून त्या १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या. म्हणजे योजना होती, आणि ती चांगलीही होती. पण कानांनीं दगा दिला. ऐकूं कमी येऊं लागलें, आणि वैद्यकाचा दरवाजा बंद झाला. ज्या कामासाठीं समुद्र ओलांडला तेंच काम हातांतून गेलें.

अशा वेळीं त्यांनीं एक गोष्ट पाहिली. वॉन्टेज येथील ज्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयास त्या राहत होत्या, त्यांचें एक काम लंडनजवळ फुलम येथें चाले. समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथें ठेवून घेत, त्यांची शुश्रूषा करीत, आणि त्यांना पुन्हां मानानें उभें करीत. रमाबाईंना हें नवल वाटलें. अशा बायकांना जवळ घेण्याची बुद्धि यांना होते कोठून, असें त्यांनीं एका भगिनीला विचारलें. उत्तरादाखल त्या भगिनीनें योहानाच्या शुभवर्तमानांतील चौथ्या अध्यायाची गोष्ट त्यांना ऐकविली.

ती गोष्ट बहुधा आपल्या परिचयाची असेल. नसल्यास थोडक्यांत सांगतों. वाटचालीनें थकलेला येशू भर दुपारीं एका विहिरीवर बसला आहे. एक शोमरोनी बाई घागर घेऊन पाण्यास येते. यहूदी लोक शोमरोन्यांशीं संबंध ठेवीत नसत. त्यांतून या बाईचा संसार पांच वेळां मांडून मोडलेला. येशू तिच्याजवळ प्यावयास पाणी मागतो. तिच्या आयुष्याविषयीं तिला सांगतो, पण तिचा धिक्कार करीत नाहीं. आणि देवाची उपासना कशी करावी, हा गहन विषय तो तिच्याशीं बोलतो. शेवटीं ती बाई आपली घागर तेथेंच ठेवून गांवांत जाते, आणि लोकांना बोलावून आणते.

कोणी कोणाच्या हातचें पाणी प्यावें, हा प्रश्न आपल्या देशांत जन्मलेल्या रमाबाईंना परका नव्हता. विहिरीवरील त्या एका मागण्यांत किती भिंती पडल्या, हें त्यांना कोणी समजावून सांगावयास नको होतें. स्त्रीला आणि पतिताला वर उचलणारा कोणी आहे, ही त्यांची खात्री येथून सुरू झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

येथें कथा संपवावी असा मोह ख्रिस्ती वक्त्यांना होतो. पण रमाबाईंची कथा येथें संपत नाहीं. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनीं आपली बुद्धि कोणाच्या पायांशीं गहाण ठेविली नाहीं. त्याच भगिनींशीं धर्ममतांवर त्यांचे मोठे वाद झाले. मांसाहार त्यांनीं जन्मभर केला नाहीं. आणि महत्त्वाचें हें कीं, आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला अजून सांपडला नाहीं, असें त्यांनीं पुढें स्पष्ट लिहून ठेविलें. बुद्धीला पटलें होतें. जीव अजून विसंबला नव्हता. तो विसंबला आठ वर्षांनीं, १८९१ च्या सुमारास. म्हणजे अमेरिकेंत जाऊन, पुस्तक लिहून, व्याख्यानें देऊन, ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत विधवांसाठीं शारदासदन काढलें, तेव्हांही त्या आंतून शोधांतच होत्या. काम आधीं सुरू झालें. विसांवा मागाहून मिळाला. मनाची पूर्ण खात्री झाल्यावांचून हातीं कांहीं घ्यावयाचें नाहीं, असा ज्यांचा स्वभाव आहे, त्यांनीं याचा विचार करावा. मला स्वतःला तो करावा लागला.

शारदासदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नांवाची एक बालविधवा होती. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं तिच्याशीं विवाह केला. आनंदीबाई कर्वे त्या याच. परंतु त्याच वर्षीं सदनावर मोठें वादळ आलें. रमाबाई सकाळीं प्रार्थना करीत तेव्हां दार उघडें असे, आणि कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसत. न्यायमूर्ति रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. या वादांत कोणाचें किती चुकलें, हा विषय आजचा नाहीं. मुली विश्वासानें सोंपविणाऱ्या पालकांची काळजी खोटी नव्हती, हें मी ख्रिस्ती असूनही मान्य करतों. मला दिसतें तें एवढेंच कीं, दार लावून घेतलें असतें तर लोकांची मर्जी टिकली असती. आणि ज्या गोष्टीच्या बळावर आपण उभ्या आहों ती लपवून काम करणें रमाबाईंना शक्य झालें नाहीं.

आतां दुसरा दुष्काळ. १८९६ सालीं मध्यप्रांतांत मोठा दुष्काळ पडला. रमाबाई पुण्यांत होत्या. अमेरिकेंतील मंडळीनें दहा वर्षें खर्च चालविण्याचें वचन दिलें होतें, पण तें शारदासदनासाठीं, म्हणजे उच्च वर्णांतील विधवांसाठीं. दुष्काळी मुलींसाठीं एक पैही कोणी नेमून ठेविलेली नव्हती. जाऊं नये, याला सबळ कारणें होतीं. पण अंगांतील जुनी भूक त्यांना स्वस्थ बसूं देईना. त्या गेल्या, अनाथगृहें आणि दुष्काळी कामांवरील छावण्या हिंडल्या, दुष्ट लोकांच्या हातीं पडण्याच्या वाटेवर असलेल्या पोरक्या मुली त्यांनीं पाहिल्या, आणि जवळजवळ ३०० मुली त्या घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगचे निर्बंध होते. म्हणून पुण्याच्या पूर्वेस, आगगाडीच्या रस्त्यावर, केडगांव येथें आधीं घेतलेल्या शेतजमिनींत झोपड्या बांधून त्यांना ठेविलें. तेंच पुढें मुक्तिसदन झालें. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. आतां जात विचारण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

तेथें मुलींना काय शिकविलें जाई, तें पाहा. लिहिणें वाचणें तर होतेंच. त्याशिवाय विणकाम, शिवणकाम, तेल काढणें, गाईम्हशींची जोपासना, शेती, खिळे जुळविणें, छापणें, पुस्तकें बांधणें. आंधळ्या मुलींसाठीं ब्रेल लिपि होती. मीं मघाशीं म्हटलें कीं, पहिल्या दुष्काळांत डोंगऱ्यांच्या घरांत अंगमेहनतीची कला एकालाही ठाऊक नव्हती. आईच्या तिरडीचा भार जिनें डोक्यावर घेतला, तिनें वीस वर्षांनीं दुसऱ्यांच्या मुलींच्या हातांत हातमाग आणि छापखाना दिला. या दोन गोष्टींत मला एक सरळ रेषा दिसते.

मात्र येथें एक सावधगिरी घेतली पाहिजे. रमाबाईंनीं पुढें मुक्तिसदन काढावें म्हणून देवानें त्यांच्या आईला उपाशी मारलें, असें कोणी म्हणूं लागला, तर मी तें मानणार नाहीं; आणि असा देव भजावा, असें मला वाटणारही नाहीं. आपल्या दुःखाचें कारण काय, या प्रश्नाला ख्रिस्ती श्रद्धेनें दिलेलें उत्तर मला पुष्कळदां अपुरें वाटतें. परंतु त्याच्या शेजारचा दुसरा एक प्रश्न आहे: हें भोगून झालें, आतां याचा उपयोग कोणाला? या प्रश्नाला ती श्रद्धा निःसंदिग्ध उत्तर देते. जो स्वतः क्रूसावर गेला, त्याच्या हातीं मनुष्याचें कोणतेंही दुःख दिलें, तर तो त्याची शेजाऱ्यासाठीं वाट करतो. नकाशा मिळत नाहीं. पण दाराशीं उभा असलेला मनुष्य दिसूं लागतो. मला वाटतें, ख्रिस्ती माणसाला आयुष्याचें प्रयोजन सांपडतें तें असें. तें मनांत खोल शोधून हातीं येत नाहीं. आपण जें सोसलें आणि दुसरा जें सोसतो आहे, यांची जेथें गांठ पडते, तेथें तें आपली वाट पाहत असतें.

रमाबाईंच्या अखेरच्या कामाकडेही पाहा. प्रचलित मराठी बायबलाची भाषा खेड्यांतील अल्पशिक्षित बाईला जड जाते, हें पाहून त्यांनीं हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि सगळें बायबल सोप्या मराठींत उतरविण्याचें काम हातीं घेतलें. वर्षांमागून वर्षें तें चाललें होतें. खिळे जुळविणाऱ्या मुक्तिसदनांतीलच स्त्रिया. १९२१ च्या जुलैंत मनोरमा गेली. आईचा उजवा हात गेला. तरी लेखणी थांबली नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला, आणि संपूर्ण ग्रंथ छापून निघाला १९२४ सालीं. तो पाहणें त्यांच्या वांट्यास आलें नाहीं. आपल्या कामाचें फळ आपल्या डोळ्यांनीं दिसलेंच पाहिजे, ही अट ज्यानें सोडली, त्याला म्हातारपणाचें भय फारसें उरत नाहीं.

आपणांपैकीं कोणी म्हणेल, रमाबाई असामान्य होत्या. आम्हां सामान्य संसारी माणसांना त्यांचा दाखला काय कामाचा? त्यांच्यासाठीं दुसरें एक नांव घेतों, तें लक्ष्मीबाई टिळकांचें. १८९५ सालीं पति नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हां या बाईंवर आकाश कोसळलें. कित्येक वर्षें त्या वेगळ्या राहिल्या. पुढें त्या पतीकडे आल्या, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतःच्या विचारानें बाप्तिस्मा घेतला. शाळेचें शिक्षण त्यांना नव्हतें. जोडाक्षरें लिहितांना हात अडखळे. टिळक १९१९ सालीं वारले, तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य पहिल्या दहाअकरा अध्यायांवरच थांबलें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें आणि ६४ अध्याय लिहून पुरें केलें. १९३८ सालीं तें प्रसिद्ध झालें तेव्हां त्याही हयात नव्हत्या. ज्या श्रद्धेनें एकदां त्यांचा संसार मोडला होता, तिचेंच काव्य त्यांनीं पूर्ण केलें. एका घरांतील अर्धवट राहिलेलें काम दुसऱ्यानें उचललें, इतकी ती साधी गोष्ट आहे. आणि अशीं अर्धवट कामें आपल्यापैकीं प्रत्येकाच्या घरांत, चाळींत, आळींत पडलेलीं आहेत.

म्हणून आरामखुर्चींत बसलेल्या त्या गृहस्थाला मी आतां निराळा प्रश्न विचारावयास सांगेन. "माझें आयुष्य कशासाठीं?" असें न विचारतां, "मीं जें सोसलें आहे, तेंच आज कोण सोसतो आहे?" असें त्यानें विचारावें. ज्याला लहानपणीं फीसाठीं दुसऱ्याच्या दारांत उभें राहावें लागलें, त्याला फी न भरलेला मुलगा चटकन् ओळखूं येतो. जिनें दवाखान्याच्या बाकावर एकटीनें रात्र काढली आहे, तिला तशा रात्रींत शेजारीं येऊन कोणी बसण्याची किंमत ठाऊक असते. ही ओळख पैशानें विकत मिळत नाहीं, पदवीनें येत नाहीं. ती आपण भरपूर किंमत देऊन आधींच मिळविलेली असते. आणि बहुतेक जण ती कुलूप लावून ठेवतात.

केडगांवचें तें काम आजही चालू आहे. १९८९ सालीं भारत सरकारनें रमाबाईंच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीटही काढलें. पण त्यांचें खरें स्मारक मला विहिरीवरच्या त्या गोष्टींत दिसतें. बाई पाणी भरावयास आली होती. घागर तिच्या कामाची होती. तरी ती तेथेंच ठेवून ती गांवांत गेली, कारण गांवांतील माणसांची तिला घागरीहून अधिक निकड वाटली. ही निकड ज्याला लागली, त्याला आयुष्य कशासाठीं हें विचारण्याची पाळी पुन्हां येत नाहीं. निदान पूर्वींच्या उदासीनतेनें तरी येत नाहीं. माझ्या अडचणीचा उलगडा मला येथें झाला. आपणांपैकीं कोणाची अडचण तशीच असेल, तर त्याच्याही तो उपयोगीं पडो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.